परदेशी सुनेने पाहिलेले घर

आपल्या घरातले घड्याळ किती मोठ्याने टिकटिकते, हे आपल्याला कधी जाणवत नाही. एखादा पाहुणा मुक्कामाला येतो आणि सकाळी उठून म्हणतो, “तुमच्या घड्याळाने रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही!” आपल्याला नवल वाटते. घड्याळ रोजचेच आणि त्याचा आवाजही रोजचाच. पाहुण्याचे कान तेवढे नवे असतात.

घरातल्या रीतिरिवाजांचेही असेच आहे. सलाम करणे, दस्तरखान अंथरणे, बिस्मिल्ला म्हणून पहिला घास घेणे, थोरामोठ्यांपुढे डोक्यावर ओढणी घेणे, या गोष्टी आपण विचार न करता करतो. त्या का करता, असे कोणी विचारले म्हणजे आपण गोंधळतो. कधी कधी चिडतोही. मी एकदा चांगलीच चिडले होते.

बी. एड. करताना मी वसतिगृहात राहत होते. खोलीत आम्ही तिघीजणी. त्या दोघी मराठी शाळांतून शिकलेल्या, मी उर्दू शाळेतून. पहिल्याच आठवड्यात एकीने मला विचारले, “तुम्ही लोक रोजच मटण खाता का गं?” माझ्या कपाळावर आठ्या पडल्या. आमच्या घरी महिन्यातून किती दिवस डाळभात शिजतो आणि महिनाअखेरीला ती डाळही कशी पातळ होत जाते, हे तिला काय ठाऊक? मी फणकाऱ्याने म्हटले, “हो, आणि तुम्ही लोक रोज श्रीखंडपुरी खाता ना?” खोली एकदम गप्प झाली. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आज मागे वळून पाहताना वाटते, माझा राग अगदीच खोटा नव्हता. ‘तुम्ही लोक’ या दोन शब्दांचा मला राग आला होता. मालेगावातली माझी अम्मी, कोकणातला मासेमार, लखनौचा नबाब आणि कैरोचा भिस्ती हे सारे त्या दोन शब्दांत एकाच माळेचे मणी होऊन बसतात. पण तिच्या प्रश्नात वाईट हेतू नव्हता. तिने आयुष्यात मुसलमानाचे घर आतून पाहिलेच नव्हते. ज्याने घर पाहिले नाही त्याने विचारायचे तरी काय? तो ऐकीव गोष्टच विचारणार.

त्याच वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक जुने इंग्रजी पुस्तक माझ्या हाती आले. पुठ्ठा निखळलेला, पाने पिवळी पडलेली. नावाचा अर्थ होता, ‘हिंदुस्थानातील मुसलमानांविषयी निरीक्षणे’. वाचून पुन्हा तोच राग उसळला. आमचे निरीक्षण करणारा हा कोण साहेब? पाहिले तर तो साहेब नव्हता, बाई होती, आणि पुस्तकावर तिचे नाव होते मिसेस मीर हसन अली!

मग मात्र मी ते पुस्तक घेऊन बसले.

मीर हसन अली हे लखनौचे. इंग्लंडमध्ये ॲडिसकोंब येथे ईस्ट इंडिया कंपनीचे एक लष्करी विद्यालय होते. हिंदुस्थानात नोकरीवर येणाऱ्या तरुण इंग्रजांना तेथे येथली भाषा शिकवत. १८१० साली मीर हसन अली तेथे सहायक शिक्षक म्हणून गेले आणि सुमारे सहा वर्षे त्यांनी ते काम केले. आपल्या देशाचा एक शिक्षक दोनशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापार जाऊन साहेबांच्या मुलांचे उच्चार दुरुस्त करत होता, हे वाचून मला, होऊ घातलेल्या शिक्षिकेला, फार बरे वाटले. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी एका इंग्रज स्त्रीशी विवाह केला आणि तिला घेऊन ते लखनौला परतले.

ही परदेशी सून सुमारे बारा वर्षे हिंदुस्थानात राहिली. ती ख्रिस्ती होती आणि अखेरपर्यंत ख्रिस्तीच राहिली. १८२८ च्या सुमारास प्रकृतीच्या कारणाने ती इंग्लंडला परत गेली. १८३२ साली लंडनमध्ये तिचे पुस्तक दोन भागांत प्रसिद्ध झाले. ते पत्रांच्या स्वरूपात आहे. पुढे १९१७ साली विल्यम क्रुक या अभ्यासकाने त्याची नवी आवृत्ती काढली. एक गोष्ट मात्र मनाला लागते. पुस्तकावर तिचे स्वतःचे नाव नाही, फक्त नवऱ्याचे आहे. मुसलमानांच्या घरात बायकांना नाव नसते, अशी टीका त्या काळचे इंग्रज करत असतील. पण इंग्रज रीतीनेच या इंग्रज बाईचे नाव झाकले गेले!

त्या वेळच्या लखनौचे चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. गाझीउद्दीन हैदर तेथे आधी नबाब होते. १८१९ मध्ये कंपनी सरकारच्या संमतीने त्यांनी बादशहा ही पदवी घेतली. शहरात मोठमोठे इमामबाडे, दर्गे, बागा. आणि त्या शहरातल्या एका सय्यद घराण्यात ही इंग्रज सून नांदायला आलेली. तिचे सासरे मीर हाजी शाह हे हज करून आलेले, धर्मनिष्ठ आणि अनुभवी गृहस्थ. सुनेने विचारावे आणि सासऱ्यांनी सांगावे, असा परिपाठ पडला. कुराणातल्या आणि बायबलातल्या नबींच्या कथा, सय्यदांची परंपरा, फकिरांच्या गोष्टी, हे सारे तिने त्यांच्याकडून ऐकले. सासरा आणि सून एकमेकांचा धर्म समजून घेत बोलत बसली आहेत, हे चित्र मला त्या पुस्तकातले सर्वांत सुंदर चित्र वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. जनानखान्यातल्या स्त्रियांचे जीवन पाहून तिला आरंभी त्यांची कीव आली. उंच भिंती, मधला चौक, दारावर पडदा. तेच घर, तेच दिवस. कोणीही परदेशी माणूस हेच म्हणाला असता आणि पुष्कळांनी म्हटलेही आहे. हत्तीवरून रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला भिंत दिसते. तो वहीत ‘भिंत’ असे लिहितो आणि पुढच्या गावाला जातो. पण हिला भिंतीच्या आतच राहायचे होते. महिने गेले, वर्षे गेली, आणि ती प्रामाणिकपणे लिहिते, की ओळख वाढत गेली तशी ती कीव ओसरली.

कारण आत तिला माणसे दिसली. सासवा-सुना, आत्या, मुली, दाया, गोष्टी सांगणाऱ्या बायका, यांचा घरात अष्टौप्रहर राबता होता. पानदानाभोवती बैठक बसे. पावसाळ्यात झोपाळे बांधत. पडद्याच्या डोलीतून पाहुण्या येत आणि मुक्काम करत. आईवडिलांपुढे मोठे झालेले मुलगेही किती अदबीने वागतात, याचे तिला कौतुक वाटे. या स्त्रिया स्वतःला कैदी समजत नाहीत, उलट पडद्यात राहणे हा आपला मान समजतात, हे तिच्या ध्यानात आले. तिच्या इंग्लंडमधल्या वाचकांना हे पटले असेल का? मला शंका आहे. पण तिने ते लिहिले.

येथे तुमच्यापैकी काही मुली हात वर करतील, हे मला माहीत आहे. मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलीने केलाच. ती म्हणाली, “मॅडम, मग त्या बायका शाळेत का नाही गेल्या?” प्रश्न रास्त आहे. पाहुणीने घरातल्या बायका सुखी आहेत असे लिहिले, म्हणून घरातल्या मुलीने तक्रार करू नये, असे थोडेच आहे! बंगालच्या बेगम रुकय्या सखावत हुसेन स्वतः पडद्यात वाढल्या होत्या. त्यांनी पडद्याच्या अतिरेकावर कडक टीका केली. १९०५ मध्ये त्यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा लिहिली. त्या कथेत पुरुष घरात बसतात आणि राज्यकारभार स्त्रिया चालवतात. १९११ मध्ये त्यांनी कलकत्त्यात मुलींची शाळा सुरू केली. विद्यार्थिनी मिळवण्यासाठी त्या घरोघर फिरल्या. म्हणजे एकाच भिंतीविषयी बाहेरून आत आलेली एक गोष्ट सांगते आणि आतून बाहेर पडू पाहणारी दुसरी सांगते. मला दोघीही खऱ्या वाटतात. खोटा वाटतो तो रस्त्याने जाणारा प्रवासी.

पुस्तकाच्या आरंभीच्या पत्रांत मुहर्रमचे सविस्तर वर्णन आहे. हे घराणे शिया पंथाचे होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मुहर्रमच्या रीती निराळ्या असतात, म्हणून ही पाने मी अधिक लक्ष देऊन वाचली. ती सांगते, की मुहर्रमचा चंद्र दिसला म्हणजे घरातल्या बेगमा अंगावरचे सगळे दागिने उतरवून ठेवत. पलंग सोडून जमिनीवर चटई टाकून निजत. खाणे अगदी साधे. आणि एरवी ज्याच्यावाचून त्यांचे घटकाभर चालत नसे, ते पानही दहा दिवस वर्ज्य. इमाम हुसेन आणि त्यांच्या घरच्या लोकांनी करबलाच्या मैदानात तहानभूक सोसली, तर आपण सुखात कसे राहावे, ही त्यामागची भावना. मऊ गादीवर वाढलेल्या या स्त्रिया एवढे कष्ट आनंदाने कसे सोसतात, याचे तिला राहून राहून आश्चर्य वाटते. पाचव्या दिवशी शहरभरातून अलम घेऊन लोक हजरत अब्बास यांच्या दर्ग्याकडे निघत. सातव्या रात्री मेहंदीची मिरवणूक. दहाव्या दिवशी ताजिये.

हे वाचताना मला आपल्या गावाकडचे ताबूत आठवले. महाराष्ट्रात कितीतरी खेड्यांत ताबूत किंवा पंजे बसतात आणि त्यांची व्यवस्था हिंदू घरे पाहतात. काही गावांत तर मुसलमानाचे एकही घर नाही, तरी पंजे बसतात. एखाद्या परदेशी माणसाने हे पाहिले, तर तो वहीत काय लिहील? ‘मुसलमानांचा सण’ असे लिहील, की ‘गावाचा सण’ असे?

मिसेस मीर हसन अलीवर माझा एक आक्षेप आहे, आणि तो लहान नाही. तिच्या पुस्तकाचे नाव ‘हिंदुस्थानातील मुसलमान’, पण पाहिलेले घर मुख्यतः एक. शहर लखनौ, पंथ शिया, घराणे सय्यद आणि दाराशी नोकरचाकर. त्याच काळात अवधच्या आसपासच्या गावांतून, बनारस-आझमगडच्या बाजूला, हजारो विणकर मागावर बसलेले होते. त्यांच्या बायका पडद्याच्या डोलीत बसत नव्हत्या, चरख्यावर सूत काढत होत्या. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्यापैकी पुष्कळ कुटुंबे दक्षिणेकडे निघाली आणि मालेगाव, भिवंडी अशा गावांत येऊन राहिली. माझे पूर्वज त्यांतलेच. पुस्तकातले पानदान, झोपाळा, डोली यांत मी माझ्या पणजीला शोधत होते. ती मला सापडली नाही. कोकणातले मुसलमान घर पाहिले असते, तर त्या बाईला तांदळाची भाकरी, माशाचे कालवण आणि मराठीला अगदी जवळची बोली आढळली असती.

दुसरी गोष्ट. त्या घराण्यांत गुलाम मुली असत. त्यांना विकत घेतलेले असे. मिसेस मीर हसन अली सांगते, की त्यांना मायेने वागवत. वागवतही असतील. पण मायेने वागवलेली गुलाम मुलगीसुद्धा गुलामच. तिच्या हाताला धरून, ‘बाई गं, तू येथे कशी आलीस?’ असे विचारून तिची हकीकत लिहून घ्यावी, हे या निरीक्षक बाईला सुचले नाही. हिंदुस्थानात गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही तो १८४३ सालापासून. पाहुण्याला घरातले घड्याळ ऐकू येते हे खरे, पण ज्या घराने आपल्याला जेवू घातले त्या घरातले काही आवाज त्यालाही ऐकू येईनासे होतात.

तिच्याच काळात आणखी एक इंग्रज दूरच्या एका मुसलमान शहरात राहत होता. त्याचे नाव एडवर्ड विल्यम लेन. १८२५ साली तो इजिप्तमध्ये कैरोला आला. त्याने तेथला पोशाख केला, अरबी शिकला आणि मन्सूर या नावाने मोहल्ल्यात घर घेऊन राहिला. १८३६ मध्ये इजिप्तच्या लोकांच्या चालीरीतींवर त्याचे पुस्तक निघाले. कैरोतल्या रोजच्या जीवनाची इतकी बारीक नोंद क्वचितच कोणी केली असेल. त्यातला एकच प्रसंग सांगते, कारण तो तुम्हाला फार आवडेल.

रमजानमध्ये सहरीसाठी लोकांना उठवायला एक माणसू गल्लोगल्ली फिरत असे. त्याला मुसह्हिर म्हणत. हातात लहानसे डफासारखे वाद्य, बरोबर कंदील धरलेला मुलगा. प्रत्येक दारापुढे थांबून तो घरधन्याचे नाव घेऊन दुवा देई. वरच्या मजल्यावरच्या खिडकीआडून घरातल्या बायका त्याला पैसे टाकत. पण अंधारात नाणे कोठे पडले ते त्याला कसे दिसणार? त्या नाणे कागदात गुंडाळत, कागदाचे टोक पेटवत आणि मग खाली टाकत. काळोखातून जळता कागद तरंगत येई आणि मुसह्हिर बरोबर तेथे जाऊन नाणे उचली. आमच्या मोहल्ल्यातही लहानपणी सहरीला मुलांची टोळी गात येई. आम्ही खिडकीतून नुसते ओरडत होतो, “उठलो, उठलो!” ती जळत्या कागदाची युक्ती आम्हाला ठाऊक असती, तर अम्मीने आमच्या हातात काडेपेटी कधीच राहू दिली नसती.

पण लेनने तो कागद पाहिला तो रस्त्यावर उभे राहून. खिडकीमागे कोण होते, हे त्याला कळणे शक्य नव्हते. त्याने इतके शिकले, तरी अर्धे घर त्याला बंदच राहिले. हे त्यालाही समजत होते. म्हणून १८४२ साली तो पुन्हा कैरोला गेला तेव्हा आपली बहीण सोफिया लेन पूल हिला बरोबर घेऊन गेला. तिने बुरखा घेतला, घरांच्या आत गेली, बायकांशी बोलली आणि त्यावर स्वतःचे पुस्तक लिहिले.

घरात गेलेल्या बाईकडे घरातल्या बायकाही पाहत असतात, ही गोष्ट आपण विसरतो. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज वकिलाची पत्नी १७१७ मध्ये तुर्की राज्यात आली. वाटेत सोफिया शहरातल्या बायकांच्या हमामखान्यात ती गेली. तेथल्या बायकांनी तिला आग्रहाने बसवून घेतले आणि तिचे कपडे पाहू लागल्या. त्या काळी युरोपातल्या स्त्रिया कंबर बारीक दिसावी म्हणून दोऱ्यांनी करकचून आवळलेली एक कडक काचोळी घालत. ती पाहून त्या तुर्की बायका चकित झाल्या. त्यांना वाटले, या बिचारीला नवऱ्याने यंत्रात अडकवून कुलूप लावले आहे! इंग्रज बाई पडद्याकडे पाहून हळहळत होत्या, आणि पडद्यातल्या बाया इंग्रज बाईच्या काचोळीकडे पाहून. लेडी मेरीने ही गंमत स्वतःच लिहून ठेवली आहे. मला ती बाई आवडते ती यासाठी, की आपल्यावर कोणी हसले तेही तिने वहीत उतरवले.

तिने तेथून आणखी एक गोष्ट नेली. तुर्कस्तानात म्हाताऱ्या बायका शरद ऋतूत घरोघर जाऊन निरोगी मुलांना देवीच्या फोडातली थोडी लस सुईने टोचत. मुलाला थोडा ताप येई, थोड्या पुळ्या येत आणि पुन्हा त्याला तो रोग होत नसे. लेडी मेरीचा भाऊ देवीने दगावला होता, तिचा स्वतःचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरला होता. तिने १७१८ मध्ये आपल्या मुलाला टोचून घेतले आणि इंग्लंडला परतल्यावर १७२१ मध्ये मुलीलाही. तिच्यामुळे इंग्लंडमध्ये या उपायाचा बोलबाला झाला. जेन्नरची गोस्तन देवीची लस पुढची, १७९६ ची. त्या म्हाताऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

तर वसतिगृहातल्या माझ्या मैत्रिणीकडे परत येते. दोन दिवसांचा अबोला तिसऱ्या दिवशी मिटला, कारण तिला माझी पाठ-टाचणाची वही हवी होती. हळूहळू आमची गट्टी जमली. रमजानमध्ये चार दिवसांची सुट्टी आली तेव्हा मी तिला म्हटले, “चल आमच्या घरी, आणि बघ रोज काय शिजतं ते.” तिचे गाव मालेगावपासून एसटीने जेमतेम दोन तासांवर. तिचे वडील कांद्याच्या गाड्या घेऊन मालेगावच्या बाजारात वरचेवर येत. पण ती कधी आमच्या मोहल्ल्यात आली नव्हती. परदेशी व्हायला जहाजातूनच यावे लागते असे नाही.

तिच्या आईने बेसनाच्या लाडवांचा डबा बरोबर दिला होता. दुपारी अम्मीने, स्वतःचा रोजा असताना, तिच्यासाठी पिठले आणि गरम भाकरी केली. मैत्रीण संकोचून गेली. एक घास घेऊन म्हणाली, “काकू, चव न घेता तुम्ही मीठ इतकं बरोबर कसं घातलंत?” अम्मी हसून म्हणाली, “हाताला मोजमाप ठाऊक आहे, बेटी.” शुक्रवारी ती दचकून उठली. मी म्हटले, “काय झालं?” ती म्हणाली, “आवाज का थांबला?” रात्रंदिवस चालणाऱ्या मागांचा खडखडाट शुक्रवारी बंद असतो. मी त्या खडखडाटात जन्मले, त्यात अभ्यास केला. पण शांततेने कोणाला जाग येते, हे मला तेव्हा प्रथम कळले.

संध्याकाळी इफ्तारीची ताटे शेजारीपाजारी पाठवायची होती. अम्मीने प्रत्येक ताटावर रुमाल झाकला आणि माझ्या धाकट्या भावाच्या हाती ताट दिले. मैत्रीण म्हणाली, “काकू, शेजारच्या दारात तर जायचंय. मग झाकायचं कशाला? धूळ कुठे आहे?”

मी उत्तर देणार होते, पण माझ्याजवळ उत्तर नव्हते. चोवीस वर्षे मी ती ताटे पोहोचवली होती आणि रुमाल कशासाठी, हे मी कधी विचारलेच नव्हते.

अम्मी म्हणाली, “गल्लीत पोरं खेळत असतात. कुणाच्या घरी आज भजीसुद्धा तळली नसेल. ताटात काय आहे ते त्या पोराला दिसू नये. दिसलं तर ते घरी जाऊन आईपाशी हट्ट करतं.”

मैत्रीण काही बोलली नाही. मीही नाही.

निघायच्या दिवशी अम्मीने लाडवांचा डबा घासूनपुसून त्यात खजूर आणि शेवया भरल्या. मैत्रीण म्हणाली, “अहो काकू, राहू द्या. पण आमच्याकडेसुद्धा दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत.”

“हो? का गं?” अम्मीने विचारले. मिसेस मीर हसन अलीच्या सासऱ्यांना तिने असेच प्रश्न विचारले असतील, असे मला उगीच वाटून गेले. फक्त येथे विचारणारी अम्मी होती आणि उत्तर पाहुणीने द्यायचे होते.

मैत्रीण विचारात पडली. “खरंच, का ते मला नाही माहीत. आईला विचारून सांगते.”

सोमवारी ती वसतिगृहात परत आली. आल्या आल्या तिने चप्पल काढायच्या आधी मला सांगितले, “अगं, काकूंना सांग, आईलाही ठाऊक नाही. ती म्हणाली, आजीला विचारू.”